मास्तरांच्या गाडीची उचकी

"तासाभराचं काम आहे," मास्तरांनी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता जाहीर केलं, आणि त्यांची बायको, म्हणजे बाई, सावध झाल्या. संसार मुरला की कुठल्या वाक्याला घाबरायचं ते बायकांना बरोबर कळतं. न्हाणीघरातला नळ, बैठकीतला पंखा, मातोश्रींचा रेडिओ, ही सगळी तासाभराचीच कामं होती. नळाला शेवटी नळवाला आला, पंख्याला पंखेवाला आला, आणि रेडिओ अजून पिशवीत आहे.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. हात मोठा सुरेख. फळ्यावर खडूनं असा गोल काढायचे की कंपास लावून तपासणारी पोरं खजील व्हायची. अशा माणसाला वाटणारच, की जगातलं कुठलंही काम शेवटी हाताचंच असतं.

आजचं काम गाडीचं होतं. तीन लाख किलोमीटर धावलेली ती गाडी, आणि वर्षभर तिला उचकी लागलेली. चालता चालता इंजिन मध्येच एक ठोका चुकायचं, गाडी आचका द्यायची आणि आतली सगळी माणसं एकदम पुढं झुकायची. समोरून कुणी थोर पुरुष चाललाय आणि सगळ्यांनी मिळून नमस्कार केला, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटे. घरच्यांना इतकी सवय झाली होती की गाडीत बोलताना ती माणसं शब्दात थांबत, झुकत आणि पुढचं अक्षर उचलत. मास्तरांनी तर त्यावर एक पद्धतच बसवली होती. "उचकीच्या आधी गाडी जराशी थरथरते. थरथरली की पाय हलकेच वर. मनात 'एक' म्हणायचं. मग दाबायचं, नेहमीपेक्षा जरा जास्त." हीच पद्धत त्यांनी बाईंना शिकवली, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

कारण बाईंना लायसन्स हवं होतं, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांना मास्तरांची पद्धत ठाऊक नव्हती. पहिल्या खेपेला चढावर उचकी आली, बाईंनी मनात 'एक' म्हटलं आणि तेवढ्यात गाडी मागं घरंगळली. दुसऱ्या खेपेला गाडी मागं घेताना आली, आणि एक खांब आडवा झाला. "बाई, उचकी गाडीला लागलीय की तुम्हाला?" असं साहेबांनी चारचौघांत विचारलं होतं. आज तिसरी खेप होती, दुपारी चारला. शिकाऊ परवान्याची मुदतही आजच संपत होती. म्हणजे आज नापास झाल्या की सगळं पुन्हा मुळापासून.

बाईंना लायसन्स मिरवायला नको होतं. त्यांची आई गाडीनं तासाभराच्या अंतरावर एकटी राहायची. "कधी येतेस गं?" ती फोनवर विचारायची. बाई सांगायच्या, "येते, गाडीला जरा बरं वाटू दे. एवढ्या लांब नको, म्हणतात हे." त्यावर म्हातारी खरोखरच्या काळजीनं विचारायची, "अजून बरं नाही का तिला? औषध काय चालू आहे?" मागच्या हिवाळ्यात म्हातारी पाय घसरून पडली. मास्तर शाळेच्या सहलीला गेलेले, गाडी दारात, किल्ली खुंटीवर, आणि बाई दोन बस बदलून दुसऱ्या दिवशी पोचल्या. नशिबानं फार लागलं नव्हतं. पण दारात गाडी उभी असून आपण जाऊ शकलो नाही, ही गोष्ट बाई विसरल्या नाहीत. मास्तरही विसरले नव्हते. म्हणून तर आजचं हे तासाभराचं काम.

मेकॅनिकनं रोग कालच सांगितला होता. "इंजिनात चार प्लग. ठिणगी ते पाडतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक कॉइल, ती प्लगला करंट देते. तुमची तिसरी कॉइल मेलीय. पण बदलायच्या तर चारी कॉइल आणि चारी प्लग बदला. या वयात एकीला नवी केली की बाकीच्या रुसतात. गाडी ठेवून जा, परवा या." परवा येऊन काय उपयोग, परीक्षा तर आज. तेव्हा मास्तरांनी येताना चार प्लग आणि चार कॉइल विकत आणल्या, मोबाइलवर एका टोपीवाल्या गृहस्थाचा व्हिडिओ तीनदा बघितला आणि शाळेतून रजा घेतली.

मदतीला धाकटे बंधू हजर झाले. धाकटा विम्याचा एजंट. त्याला न येणारी गोष्ट अजून शोधून काढायची आहे. "दादा, आधी इंजिन सुरू करून चांगलं तापवून घे. गरम असलं की प्लग लोण्यासारखे निघतात."

मास्तरांनी इंजिन पंधरा मिनिटं तापवलं. मग बॉनेट उघडलं आणि खात्रीसाठी व्हिडिओ पुन्हा लावला. टोपीवाला पहिल्याच वाक्यात म्हणाला, की इंजिन संपूर्ण गार असल्याशिवाय प्लगला हात लावू नका, नाहीतर आटे जातील.

"तो तिकडच्या गाड्यांबद्दल बोलतोय," धाकटा म्हणाला.

"इंजिन ते इंजिन. आता हे गार कसं करायचं?"

ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या मातोश्रींनी हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. "त्यात काय? मला ताप आला तेव्हा काय केलं होतंत? टेबलफॅन लावा."

हो-ना करता करता लांब वायर जोडून अंगणात टेबलफॅन आला. गाडीच्या उघड्या तोंडासमोर तो मान इकडून तिकडे हलवत वारा घालू लागला. त्याची मान स्थिर करणारं बटण बिघडलेलं होतं, म्हणून इंजिनाला अर्धा वेळ आणि धाकट्याला अर्धा वेळ वारा मिळाला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. एकानं तर, "काय झालंय हो यांना?" असं हळू आवाजात विचारलं, आजाऱ्याची चौकशी करतात तसं.

तास गेला तो इंजिन गार करण्यातच. मग कॉइल काढायची वेळ आली. प्रत्येक कॉइल एका बोल्टनं धरलेली, आणि तिला वायरीची टोपी बसवलेली. तीन बोल्ट शहाण्यासारखे निघाले. चौथा मास्तरांच्या बोटांतून सुटला, खण्ण खण्ण करत इंजिनाच्या पोटात उतरला आणि गप्प झाला.

"गेला," धाकटा म्हणाला. "आता इंजिन उतरवावं लागणार."

"इंजिन?"

"पूर्ण. पाहिलंय मी एकाचं."

मास्तरांचा चेहरा पडला. बाई आत मशीनवर बसल्या होत्या. त्या शिवणकाम करत, आणि परीक्षेचा विचार नको म्हणून सकाळपासून शिवत सुटल्या होत्या. बाहेरची शांतता ऐकून त्या उठल्या. नवऱ्याचा आवाज बंद झाला म्हणजे काहीतरी पडलंय किंवा मोडलंय, हे त्यांना पाठ होतं.

"काय पडलं?"

"बोल्ट," मास्तर अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "पण तू जा, तू शांत राहा. तू परीक्षेचा विचार कर."

"तोच तर करायचा नाहीये मला," बाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक आणलं, नाडीला बांधलं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं इंजिनात सोडलं. दुसऱ्या खेपेला बोल्ट वर आला. सोबत एक केसांची पिन, एक पंचवीस पैशांसारखं गंजलेलं नाणं आणि मागे हरवलेला, मेकॅनिक 'माझ्याकडे नव्हताच' म्हणाला होता, तो पानाही आला.

"इंजिन उतरवायचं का मग?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"वहिनी, मी शेवटचा उपाय सांगत होतो."

प्लग निघाले. जुने काळेकुट्ट, टोकं झिजलेली. नव्यातला पहिला बसवतानाच मास्तरांच्या हातून फरशीवर पडला. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडायला एक बारीकशी फट असते, ती दाबली गेली. टोपीवाल्यानं निक्षून सांगितलं होतं, की पडलेला प्लग वापरू नका, टाकून द्या. मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. धाकटा फॅनची वायर गुंडाळत होता, मातोश्रींचे डोळे मिटले होते. मास्तर हळूच आत गेले, कंपासपेटीतून दुहेरी टोकांचा कर्कटक आणला, दुसऱ्या प्लगची फट मोजली आणि त्या मापानं पडलेल्याची फट केसाइतकी अचूक उघडली. या एका कामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. चारही प्लग बसले, हलक्या हातानं आवळले गेले, आणि इतकं चांगलं काम कुणाला सांगता येत नाही याचं मास्तरांना जरा वाईट वाटलं.

"आता जेवून घ्या," मातोश्री डोळे न उघडता म्हणाल्या. "बारा वाजून गेले."

"आई, फक्त कॉइल बसवायच्या राहिल्यात. दहा मिनिटं."

"उपाशीपोटी केलेलं काम उलटं होतं. आधी जेवा."

मातोश्रींचा शब्द म्हणजे शब्द. अंगणात जुन्या चादरीवर डावीकडे जुन्या चार कॉइल, उजवीकडे नव्या चार, अशी नीट मांडणी करून मास्तर आणि धाकटा जेवायला गेले. मास्तर पोटभर जेवले. वर हात धुताना गुणगुणले देखील.

परत आले तेव्हा चादरीवर आठ कॉइल एका रांगेत मांडलेल्या होत्या. आठही लखलखीत.

मातोश्री ओल्या फडक्यानं हात पुसत होत्या. "किती घाण रे ही! रॉकेलनं पुसल्या, मग कोरड्या केल्या, रबराला तेलाचं बोट फिरवलं. आता कशा बघवतात."

"आई," मास्तरांचा आवाज चिरका झाला, "यातल्या नव्या कुठल्या?"

"सगळ्या नव्यासारख्याच झाल्यात."

"नव्यांवर लेबल होतं!"

"काढलं की! कोमट पाण्याचं बोट लावलं, अलगद निघालं. लेबलं ठेवली की त्यांच्याखाली मळ साठतो." मातोश्रींची ही जुनी खोड. घरात बरणी येवो, बादली येवो, नाहीतर औषधाची बाटली, तिच्यावरचं लेबल संध्याकाळपर्यंत निघालेलं असे. त्यामुळे त्या घरात खोकल्याचं औषध नेहमी वास घेऊन ओळखावं लागे.

मास्तर मटकन पायरीवर बसले. हुबेहूब त्याच बनावटीच्या कॉइल हव्यात, असा दुकानात हट्ट त्यांनीच धरला होता.

धाकट्यानं एकेक कॉइल तळहातावर तोलली. "नवी जड लागते." मग कानाशी नेऊन हलवली. मग हुंगली. "सगळ्यांना तेलाचाच वास येतोय."

"टोपीवाल्याला बघा काही सुचतंय का," मातोश्रींनी सुचवलं.

टोपीवाल्यानं पुष्कळ संकटं सांगितली होती, पण त्याची आई त्याच्या घरी राहत नसावी. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि डोकं धरलं. "माझंच चुकलं. तुझी परीक्षा, आणि मी हा पसारा मांडून बसलो. आता गाडी ना धड जुनी ना धड नवी."

बाई दारात उभ्या होत्या. खरं म्हणजे त्यांना रडू येत होतं. पण नवरा असा पायरीवर तोंड पाडून बसलेला त्यांना बघवेना. त्या पुढं आल्या. "अहो, मेकॅनिक काय म्हणाला होता? मेलेली किती?"

"एक. तिसरी."

"मग आठांत सात चांगल्या आहेत. लावा कुठल्याही चार. नाहीच चालल्या, तर एकेक बदलून बघू. आठ लिंबांत एक नासकं असलं म्हणून काय आठही टाकतो का आपण?"

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं, की धाकट्यानं उगाचच आकाशाकडे पाहिलं.

चार लावल्या. गाडी सुरू झाली, आणि तिनं ठेवणीतली उचकी दिली. एक काढली, दुसरी लावली. उचकी. पुढची काढली. उचकी. तिसरी. उचकी. नासकं लिंबू अर्थातच सगळ्यात शेवटी सापडलं, ते नियमाला धरूनच झालं. बाईंनी लगेच त्या कॉइलच्या मानेला लाल दोरा बांधला आणि ती मातोश्रींच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवली.

"तरी मी म्हणतच होते," मातोश्री म्हणाल्या, "ती एक जरा काळपट होती."

चौथीच्या जागी राहिलेल्यांतली एक बसली. गाडीत आता नव्या किती आणि जुन्या किती, हे देवालाही सांगता येणार नाही. मास्तरांनी किल्ली फिरवली. काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, तर खर्रर्र असा जीवघेणा आवाज झाला.

"सुरूच आहे की ती!" बाई ओरडल्या.

सुरूच होती. इंजिन इतकं गुळगुळीत फिरत होतं की कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. मास्तर कान देऊन ऐकत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं, उचकी नाही. त्यांचे डोळे भरून आले. "चल," ते म्हणाले, "आता कुणाच्या बापाला घाबरायचं नाही."

बाई चालवायला, 'माझंही लायसन्स आहे' म्हणत धाकटा शेजारी, मास्तर मागं. गाडी गल्लीतून झुळझुळत निघाली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि लागताच तिनं एक सणसणीत आचका दिला आणि तिघेही पुढं झुकले.

"परत!" मास्तर किंचाळले.

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा आचका. पुन्हा. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. कॉइल जागच्या जागी, वायरींच्या टोप्या घट्ट, इंजिन मांजरीसारखं गुरगुरतंय. उभ्या गाडीला उचकी नाहीच.

"बघू, मी चालवून बघतो," धाकटा म्हणाला. त्यानं पार चौकापर्यंत नेऊन आणली. लोण्यासारखी गेली, लोण्यासारखी आली. मग मास्तर बसले. गाडीनं विसाव्या पावलाला उचकी दिली.

"तुझ्याकडे देत नाही आणि आमच्याकडे देते? माणसं ओळखते की काय ही?" मास्तर हताश झाले.

शेजारी बसलेल्या बाई रस्त्याकडे नव्हे, नवऱ्याच्या पायाकडे बघत होत्या. गाडी थांबली. त्या म्हणाल्या, "अहो, गाडीला काही झालेलं नाही. ती बरी झालीय. उचकी तुमच्या पायाला लागलीय."

"माझ्या?"

"ती थरथरत नाही तरी तुम्ही पाय उचलताय. 'एक' म्हणताय, आणि मग दणकन दाबताय. आणि हेच माझ्याही पायात भरून ठेवलंत."

मास्तरांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो निष्पापपणे चपलेत बसला होता. जित्याची खोड म्हणतात ती ही. गाडीची मोडायला आठ कॉइल लागल्या, आणि यांच्या पायांची मोडायला हातात अर्धा तास होता.

"मी सांगतो," मास्तर घाईनं म्हणाले, "पाय वर घ्यायच्या ऐवजी तू मनात..."

"तुम्ही काही सांगू नका." बाईंनी चपला काढून मागच्या सीटखाली सरकवल्या. "आयुष्यभर मशीनवर बसलेय मी. पायानं कापड धावतं ठेवायचं, टाका सारखा पडला पाहिजे, हे माझ्या पायाला मी शिकवलंय, आणि गाडीत बसले की मी तुमचं ऐकते. आता मी माझ्या मशीनवर बसलेय असं समजणार आहे. मागून एक शब्दही यायला नको."

मास्तरांनी खरोखरच तोंडावर हात ठेवला. बाईंनी परीक्षेच्या मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यायला आणि आणायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत पाय दोनदा उचलला गेला. दुसरीत एकदा. नंतर त्या शर्टाची लांब बाजू शिवताना बसतात तशा बसल्या, खांदे सैल, नजर समोर, आणि गाडी टाका न चुकवता पुढं सरकत राहिली. मागच्या सीटवर मास्तर मात्र ठरलेल्या ठिकाणी अजूनही पुढं झुकत होते.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी बाईंना ओळखलं. गाडीलाही ओळखलं. आत बसल्या बसल्या त्यांनी पट्टा घट्ट केला आणि दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली. "करा सुरू."

"सुरू आहे, साहेब."

"बाई, मला दहा गाड्या बघायच्यात. सुरू करा."

"साहेब, सुरूच आहे. हात लावून बघा पाहिजे तर."

साहेबांनी खरंच पुढच्या फळीवर हात ठेवला आणि काढून घेतला. बाई निघाल्या. चढावर थांबल्या, आणि सुतानं बांधल्यासारखी गाडी पुढं निघाली. आठाचा आकडा झाला. मागं घेताना साहेबांनी डोळे मिटून घेतले, ते गाडी थांबल्यावर उघडले. खांब सगळे उभे होते. कडीवरचा एक हात मग खाली आला, थोड्या वेळानं दुसराही. "पास," साहेब म्हणाले. "काय केलंत हो? नवी गाडी घेतलीत?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मैदानाच्या कुंपणाशी मास्तर आणि धाकटा उभे होते. बाईंनी गाडीतूनच मान हलवून त्यांना निकाल सांगितला. मास्तरांनी धाकट्याला मिठी मारली. ही गोष्ट त्यांनी त्याच्या लग्नातही केली नव्हती.

बाई सहीसाठी आत गेल्या. "ती गाडी जरा बाजूला घ्या हो कुणीतरी, मागची गाडी खोळंबलीय," साहेबांनी हाक मारली. मास्तर छाती काढून पुढं झाले. बसले, गाडी सुरू आहे की नाही हे नीट ऐकून खात्री केली आणि निघाले. आणि बरोबर खांबांच्या रांगेशी त्यांच्या पायानं 'एक' म्हटलं.

बरी झालेली गाडी ती. पूर्वी एवढ्या दाबण्यानं ती कशीबशी उचकी गिळायची. आता तिनं झेप घेतली. पहिला खांब गेला, त्यानं दुसऱ्याला घेतलं आणि तिसरा भीतीनंच पडला असावा.

साहेब सावकाश चालत खिडकीशी आले. "आपण कोण?"

"मी यांचा नवरा. यांना गाडी मीच शिकवली."

"लायसन्स बघू."

मास्तरांनी रुबाबात पाकीट काढलं. साहेबांनी ते कार्ड उजेडाकडे धरलं, मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. "मास्तर, हे संपून दीड वर्ष झालं."

"अहो, शक्यच नाही. मी तरुणपणापासून चालवतोय."

"ते आत्ता बघितलं मी. आता नूतनीकरण होत नाही. शिकाऊ परवाना काढा, सराव करा, मग या परीक्षेला. खांब तेवढे उभे करून जा."

धाकट्यानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. "मी बसनं पुढं होतो, आईला बातमी सांगायला," तो म्हणाला. कुठली बातमी, ते त्यानं सांगितलं नाही. मास्तरांनी तीनही खांब उभे केले, ओळंब्यात, कारण हात मोठा सुरेख. तोवर बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. ओठ दाबून धरले एवढंच.

"या, बसा," त्या म्हणाल्या आणि चालवायला बसल्या.

पुढच्या चौकात घराकडचा रस्ता डावीकडे जात होता. बाईंनी उजवीकडचा दिवा लावला.

"अगं, घर..."

"माहीत आहे मला घर कुठं आहे."

गाव संपलं, शेतं लागली, उन्हं उतरली. बाई सरळ समोर बघत चालवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, तो गिअरशेजारी ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. "मी उगाच गाडीचं कारण सांगत राहिलो," ते म्हणाले. "तुला आणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. "आणि आज तुम्ही अंगणात टेबलफॅन लावून बसलात ना, तेव्हाच माझा राग गेला."

म्हातारी फाटकाशीच होती. काठी टेकत आली ती सवयीनं चालकाच्या खिडकीशी, जावयाची विचारपूस करायला. "या जावईबापू, गाडीला बरं वा..." आणि थांबली. आतून लेकीनं काच खाली केली.

म्हातारीनं लेकीकडे पाहिलं. तिच्या हातातल्या चाकाकडे पाहिलं. पलीकडे बसलेल्या जावयाकडे पाहिलं. "तू आणलीस?"

"मी आणली."

"एकटीनं?"

"एकटीनं. लायसन्स मिळालं आज. आणि यांचं गेलं."

काय झालं ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारीनं काठी फाटकाला टेकून ठेवली, पदर खोचला, गाडीला वळसा घातला आणि जावयाच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा."

मास्तर उतरले. म्हातारी त्यांच्या जागी बसली, पट्ट्याचं टोक हातात घेऊन, "हे कुठं अडकवायचं गं?" असं विचारत. मास्तर मागचं दार उघडायला गेले, तसा तिनं आतून हात हलवला.

"अंहं. तुम्ही नको. लायसन्स नसलेला माणूस गाडीत बसवला तर माझ्या लेकीला पोलीस धरतील."

"अहो, बसायला लायसन्स लागत नाही!"

"आम्हाला कशाला धोका? आत्ता मिळालंय तिला." आणि ती लेकीकडे वळली. "चल गं. बाजारातून ने, सगळ्यांना दिसू दे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी स्वतःच दार लावून दिलं आणि दोन पावलं मागं सरकले. गाडी निघाली, जराही न अडखळता, आणि वळणावर दिसेनाशी झाली. मास्तर हातात सासूबाईंची काठी धरून फाटकाशी उभे राहिले. शेजारच्या ओट्यावरून एका गृहस्थानं विचारलं, "कोण हो त्या, गाडी चालवणाऱ्या?"

"माझी बायको," मास्तर म्हणाले, आणि त्या गृहस्थानं काही विचारलं नव्हतं तरी पुढं म्हणाले, "फार छान चालवते."